आईसाठी जागा बघताना...

‘‘मुलीसाठी स्थळ बघायला जातो तेव्हा आपण काय काय बघतो गं! घर, माणसं, पाण्याची सोय, सासूचा स्वभाव. शेजारीपाजारी गुपचूप चौकशी करतो ती वेगळीच. आणि आईंना पाठवायचं, तर नुसता फोन करून महिन्याचे पैसे किती, एवढंच विचारायचं?’’

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा हा प्रश्न. विचारला होता आम्हा सगळ्यांना, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग आम्ही दोघीच जावा पर्सला पाण्याची बाटली अडकवून जागा बघायला निघालो. त्या फिरण्यात जे शिकलो, ते तुमच्यापैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या. रेवदंड्याजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. लग्न होऊन त्या घरात आल्या, त्यानंतर चार दिवसांच्या वर कधी बाहेर राहिल्या नाहीत. विसरायला लागल्या तेव्हा आम्ही हसण्यावारीच नेलं. वालाच्या बिरड्याला दोनदा मीठ पडायचं. तोच प्रश्न दहा वेळा यायचा. मग एके दिवशी पाटल्या चोरल्याचा आळ आला, तो थेट मोठ्या जाऊबाईंवर. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, पण जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

अशी सहा वर्षं गेली. शेवटी शेवटी जाऊबाई स्वतःच्या पदराचं टोक आईंच्या पदराला बांधून झोपायच्या. उठल्या की कळावं म्हणून. तरीही गेल्या वर्षी एका पहाटे गाठ सुटली आणि आई ‘माहेरी जायचंय’ म्हणत खाडीच्या जेट्टीपर्यंत पोचल्या. मासळीला निघालेल्या कोळणींनी ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं. भरती होती. पुढचं बोलायला नको.

त्याच आठवड्यात जाऊबाई चक्कर येऊन मोरीत पडल्या. डॉक्टर म्हणाले, ‘‘आता या घरात एकाच्या जागी दोन पेशंट होतील.’’

तरी मोठे दीर ऐकेनात. ‘‘माझी आई वृद्धाश्रमात? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.’’ मुंबईहून वन्संचा फोन, ‘‘वहिनी, थोडं सांभाळून घ्या ना.’’ जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘पंधरा दिवस तुमच्याकडे न्या.’’ वन्संनी नेलं. चौथ्या दिवशी त्या आईंना घेऊन परत आल्या. डोळे सुजलेले. त्यानंतर ‘लोक काय म्हणतील’ हा विषय आमच्या घरातून संपला.

आधी आजार, मग जागा

पहिली गोष्ट, म्हातारपण म्हणजे विसरणं नव्हे. स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो मेंदूचा आजार आहे. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मनीतल्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन मांडलं, तेही एका पन्नाशीतल्या बाईंच्या आजारावरून. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना हा आजार असावा असं त्यात निघालं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त. आणि सांभाळणाऱ्या कोण? बहुतेक घरांत पुन्हा बायकाच. म्हणजे हा विषय आपलाच.

पण विसरण्याची इतरही कारणं असतात. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, चुकीची किंवा जास्तीची औषधं, पडून डोक्यात साकळलेलं रक्त. यांतली काही उपचारांनी सुधारतात. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तरी ते अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागतं. म्हणून जागा शोधण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवा आणि निदान लेखी घ्या. आजार कोणत्या टप्प्यात आहे, त्यावर कशी जागा हवी हे ठरतं. कुठे दाखवावं हे कळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

वृद्धाश्रम वेगळा, ही जागा वेगळी

पहिल्याच ठिकाणी आम्हाला नकार मिळाला. ‘‘स्वतःचं स्वतः करता येतं का? नाही? मग आमच्याकडे नाही.’’ राग आला, पण घरी परतताना वाटलं, निदान खरं तरी बोलले. बहुतेक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. विसरणाऱ्या माणसाला तिथे ठेवलं तर त्याचे हाल आणि शेजारच्या खाटेवरच्याचेही हाल.

आपल्या जिल्ह्यात जुन्या सेवाभावी संस्था आहेत. पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन कुष्ठरुग्णांसाठी १९५१ पासून उभं राहिलं, पुढे तिथे वृद्धाश्रमही झाला. पण खास स्मृतिभ्रंशासाठीच्या जागा थोड्या. त्याही पुण्या-मुंबईच्या आसपास. नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांची वसाहत उभारली, तेव्हा अशा रुग्णांच्या देखभालीचाही विचार केला होता. या आजारासाठी काम करणारी देशपातळीवरची ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था केरळात १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्या शाखा गावोगावी नाहीत, पण सल्ला घेता येतो. कुठलंही नाव ऐकलं, तरी आज तिथे काय सोय आहे, जागा आहे का, हे आधी स्वतः फोन करून विचारा. माझ्यासकट कुणाच्याही ऐकीव माहितीवर गाडी काढू नका.

आणि पहिल्या भेटीतच एक प्रश्न विचारा. ‘‘आज चालतात, उद्या अंथरुणाला खिळल्या तर? तेव्हा घरी न्या म्हणणार का?’’ हा आजार वाढत जाणारा आहे. आजच्यापुरती जागा बघून चालत नाही.

बाग बघू नका, नखं बघा

दुसरी जागा बघून आम्ही दोघी हरखलो. दारात कारंजं, गुळगुळीत चकचकीत फरशी, ऑफिसात गार हवा. मॅनेजरबाईंनी अल्बम दाखवला, दिवाळीचा, होळीचा. मी मनातून ‘हो’ म्हणून टाकलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘मला जरा बाथरूमला जायचंय, तिकडे आत, आजी राहतात तिथलं दाखवा.’’

आत ओळीने खुर्च्या होत्या. समोर टीव्ही चालू, हिंदी बातम्यांचा. बघत कुणीच नव्हतं. अकरा वाजताच सगळ्यांच्या माना खाली. एका आजींच्या कमरेभोवती ओढणी, ती खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधलेली. ‘‘पडतात ना, म्हणून,’’ तिथली मुलगी म्हणाली. आणि ती चकचकीत फरशी! ओल्या पायाने मीच घसरले असते.

बाहेर पडल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘पदर बांधून मीही झोपत होते गं. पण दुसरं टोक माझ्याच अंगाला होतं.’’

तेव्हापासून आम्ही काय बघायचं ते ठरवलं.

वास बघायचा. लघवीचा वास एखाद्या कोपऱ्यात आला तर समजू शकतं, सगळीकडे येत असेल तर माणसं वेळेवर बदलली जात नाहीत. आणि फिनेलचा भपकारा आला तर तो आपल्यासाठीच मारलेला असू शकतो.

माणसं बघायची. नखं कापलेली आहेत का, केस विंचरलेले आहेत का, अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की सामायिक गठ्ठ्यातले? चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांवर नावं आहेत का? कवळी हरवली की जेवण सुटतं, जेवण सुटलं की माणूस खंगतं.

संडास-मोरी बघायची. भिंतीला धरायला दांडे, खरखरीत फरशी, उंच बैठक, रात्रीचा दिवा. दाराला बाहेरून रंग किंवा चित्र असेल तर त्यांना ते ओळखता येतं.

कुंपण बघायचं. या आजारात माणसं चालत सुटतात. फिरायला मोकळी जागा हवी, पण फाटक सांभाळलेलं हवं. आपल्या किनारपट्टीला तर हे दुप्पट बघायला हवं. विहिरीवर जाळी आहे का, तळं किती लांब, खाडी-समुद्राकडे वाट उघडी आहे का? ‘समुद्रदर्शन’ म्हणून जाहिरात करणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा.

बांधणं आणि झोपवणं

हे दोन शब्द वहीत लाल पेनाने लिहून ठेवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसोपचार केंद्रांसाठी स्पष्ट नियम आहे. साखळीने बांधणं तर कोणत्याही कारणाने चालत नाही. इतर रीतीने बांधायचं झालं, तर कुणाला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हे कारण कायदा मानत नाही. मनोरुग्णालयाला जे चालत नाही, ते आपल्या आईच्या बाबतीत आपण का चालवून घ्यावं?

दुसरं झोपवणं. आरडाओरडा करणाऱ्या, रात्री हिंडणाऱ्या माणसाला शांत करण्यासाठी औषधं दिली जातात. कधी ती खरोखर लागतात. पण मनोविकारांसाठीच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिला आहे. म्हणून विचारायचं, कुठलं औषध, कुणी लिहून दिलं, किती दिवसांसाठी, पुन्हा तपासणार कधी? आम्हाला विचारल्याशिवाय नवीन औषध सुरू करणार नाही, हे कागदावर घ्यायचं. भर सकाळी सगळेच पेंगत असतील तर समजून जावं.

रात्री कोण असतं?

दिवसा माणसं दिसतातच. खरा प्रश्न रात्रीचा. किती आजी-आजोबांमागे किती मुली जाग्या असतात, नुसत्या हजर नव्हे, जाग्या? आंघोळ घालायला बाईला बाईच असते ना? ही मुलं-मुली इथे किती महिने टिकतात? दर महिन्याला नवा चेहरा दिसला तर आधीच गोंधळलेलं माणूस आणखी घाबरतं. त्यांना या आजाराचं शिक्षण कुणी दिलं आहे का?

हे मॅनेजरला विचाराच, पण त्या मुलींनाही विचारा. ‘‘तुम्ही जेवलात का? सुट्टी मिळते का?’’ ज्यांना स्वतःला धड झोप नाही, त्या दुसऱ्याच्या आईला प्रेमाने कशा भरवतील?

भाषेचंही बघा. आजार वाढला की अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची मागे राहते. आपल्या किनाऱ्यावर आगरी बोलणाऱ्या आज्या आहेत, कोळी बोलणाऱ्या आहेत, कोर्लईत तर पोर्तुगीजमिश्रित बोली आहे. ‘पाणी हवं’ हे ज्या बोलीत ती म्हणेल, ते समजणारं एक तरी माणूस तिथे हवं. नसेल तर निदान वीस-पंचवीस शब्द लिहून द्या. आम्ही दिले.

तिसरी जागा

तिसऱ्या ठिकाणी कारंजं नव्हतं. जुना बंगला, रंग उडालेला, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. आम्ही मुद्दाम न कळवता, तिन्हीसांजेला गेलो. ही वेळ मुद्दाम निवडा. उन्हं कलली की या माणसांची बेचैनी वाढते, आणि जागेची खरी परीक्षा तेव्हाच होते.

एक आजी फाटकाशी उभ्या राहून रडत होत्या, ‘‘पोरं शाळेतून आली नाहीत.’’ त्यांना कुणी म्हटलं नाही की, आजी, तुमची पोरं आता साठीची झाली. एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली, म्हणाली, ‘‘येतील हो. तोवर भाजी निवडून ठेवू या का?’’ दोघी आत गेल्या. आजी मेथी निवडत बसल्या, अर्धी कचऱ्यात, अर्धी ताटात. पण रडणं थांबलं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट पाहिलेला असेल तर आठवेल, त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. तिला आजाराचं नावही माहीत नसतं, पण वागणं माहीत असतं. मेथीवाल्या मुलीला बघून मला तीच आठवली.

जेवताना बघितलं. आमटी-भात मऊ कालवलेला, एकेक घास, पाणी विचारून. मासे देता का, विचारलं. ‘‘काटे काढून, कुस्करून, समोर बसून,’’ म्हणाल्या. वजनाची वही मागितली, तर खरंच होती, दर महिन्याची. पडझडीचीही वही होती. ‘आमच्याकडे कुणी पडत नाही’ असं सांगणाऱ्यापेक्षा ‘अमुक तारखेला पडले, हे केलं, घरी कळवलं’ असं लिहून ठेवणारा बरा.

उणिवा होत्याच. डॉक्टर आठवड्यातून एकदाच. खोल्या लहान. आम्ही त्याही लिहून घेतल्या आणि विचारल्या. जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, रात्री कोण घेऊन जाणार, हे ठरवून घेतलं.

पैसा आणि कागद

इथे बायका गप्प बसतात, पुरुष घाई करतात. दोन्ही नको. अनामत किती, परत कधी आणि किती मिळणार? महिन्याच्या रकमेत डायपर, औषधं, फिजिओथेरपी धरली आहे की वेगळी? दर वर्षी वाढ किती? मध्येच घरी नेलं किंवा माणूस गेलं तर हिशोब कसा? सगळं लेखी, पावतीसह. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा.

दागिने घरीच ठेवा. घर, जमीन, पेन्शनचं खातं संस्थेच्या नावावर करून देण्याची भाषा कुणी केली, तर चप्पल घालून उठा.

आणि एक भीती काढून टाकते. आई-वडिलांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्यात ज्येष्ठांना टाकून देणं हा गुन्हा आहे. पण चांगली जागा बघून, खर्च देऊन, येत-जात राहून ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. नेऊन सोडलं आणि फोन नंबर बदलला, तर मात्र ते टाकणंच, मग जागा कितीही महागडी असो.

ठेवल्यानंतर

खरी देखरेख इथून सुरू होते. आधी महिनाभर तात्पुरतं ठेवून बघा. म्हणून आपल्याला पोचता येईल अशीच जागा घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो २०२० पासून आली, तरी दर्या खवळला की तिचंही खरं नसतं. आषाढातल्या भर पावसात एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतता येईल का, हा हिशोब आम्ही आधी केला. तीन घरांनी आठवडे वाटून घेतले, वार मात्र ठरवला नाही. भेटीला ठरावीक वेळ आणि तीही ऑफिसातच, असा नियम असलेल्या ठिकाणी ठेवूच नका.

सोबत एक कागद दिला, आईंचा. चहात आलं नको. उजव्या कानाने ऐकू येतं. ‘आजी’ नको, ‘काकू’ म्हणा. भीती वाटली की देवाचं म्हणायला लावा. रिकामं बसवू नका, वाल सोलायला द्या.

‘‘ओळखतच नाहीत, तर जायचं कशाला?’’ असं दिरांनी एकदा म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘त्या नाही ओळखत. तिथल्या मुली मला ओळखतात ना. या बाईला बघायला कुणी तरी येतं, हे त्यांना दिसलं पाहिजे.’’

तिसऱ्या महिन्यात आईंच्या मनगटावर निळा डाग दिसला. माझं काळीज धडधडलं. जाऊबाईंनी शांतपणे वही मागितली. दोन दिवसांपूर्वीची नोंद होती, पलंगाच्या कडेला हात लागला, बर्फ लावला, मोठ्या दिरांना फोन केला. दिरांना विचारलं, तर ते घरी सांगायचंच विसरले होते. ‘‘आता तुमच्यासाठीही जागा बघू का?’’ जाऊबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात सगळे हसले.

जाऊबाईंना आता रात्रभर झोप लागते. तरी पहाटे जाग येते म्हणाल्या, हात आपोआप पदराच्या टोकाकडे जातो. मागच्या खेपेला त्यांनी घरच्या वालाच्या शेंगा नेल्या होत्या. आईंनी त्यांना नावाने ओळखलं नाही. पण सूप पुढे ओढलं, अर्ध्या शेंगा जाऊबाईंच्या बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, ‘‘हात चालव, पोरं भुकेली असतील.’’

जाताना ही यादी पर्समध्ये ठेवा

• न कळवता, जेवणाच्या किंवा तिन्हीसांजेच्या वेळी एकदा तरी जा.
• रात्री किती जण जागे असतात?
• बांधता का? झोपेचं औषध कोण ठरवतं?
• वजनाची आणि पडझडीची वही दाखवा.
• अंथरुणाला खिळल्यावरही ठेवाल का?
• अनामत, वाढ, परतावा लेखी द्याल का?
• कधीही भेटायला येता येईल का, आतपर्यंत?
• तिथे आधीपासून असलेल्या एका कुटुंबाशी, संस्थेच्या माणसांशिवाय, बोलून घ्या.
• ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत मदतीचा क्रमांक १४५६७. सांभाळणारीचं स्वतःचंच मन थकलं असेल तर टेलि-मानस, १४४१६.